जमीन परत आली, पण कोणाच्या नावावर?

झिम्बाब्वेचा विषय निघाला की आपल्या पुरोगामी वर्तुळात लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या मते रॉबर्ट मुगाबे म्हणजे साम्राज्यशाहीच्या डोळ्याला डोळा भिडवून गोऱ्यांनी लुटलेली जमीन परत घेणारा नेता. दुसऱ्या तटाच्या मते तोच मुगाबे म्हणजे सुपीक देशाची धूळधाण करणारा हुकूमशहा. शिबिरात, परिसंवादात हा वाद सुरू झाला की तास-दोन तास सहज जातात. लँकेस्टर हाऊसचा करार निघतो, जागतिक बँक निघते, ब्रिटनची लबाडी निघते, महागाईचे अचाट आकडे निघतात. निघत नाही ती एकच गोष्ट. त्या जमिनीत पेरणारी, खुरपणारी, मळणी करणारी बाई.

दोन्ही तटांचं न बोलता एका मुद्द्यावर एकमत असतं. जमीन ही पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी वस्तू आहे! गोऱ्या मालकाकडून ती काळ्या कुटुंबप्रमुखाकडे गेली, हे न्याय्य झालं की अन्याय्य, एवढाच त्यांचा वाद. मैत्रिणींनो, आपण या वादात कोणत्या तरी एका बाजूला जाऊन बसायचं कारण नाही. माझं म्हणणं सरळ आहे. झिम्बाब्वेत जमीन सुधारणा व्हायलाच हवी होती, आणि ती व्हायला फार उशीर झाला. पण जी झाली तिने बाईला फसवलं. ही फसवणूक 'परंपरेमुळे' आपोआप घडलेली नाही. नेतृत्वाने ती निवडली, कारण तिच्यात नेतृत्वाची सोय होती.

लूट खरी होती

आधी लुटीबद्दल. मुगाबेंवर टीका करताना गोऱ्या शेतकऱ्यांसाठी गळा काढणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीची फौज त्या प्रदेशात घुसली. १८९६-९७ मध्ये शोना आणि न्देबेले लोकांनी उठाव केला. त्या उठावाची प्रेरणा मानली गेलेली नेहांडा ही एक स्त्री होती, आणि इंग्रजांनी १८९८ मध्ये तिला फाशी दिलं. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने सुमारे पन्नास हजार गोऱ्यांसाठी देशातली निम्मी जमीन राखून ठेवली. दहा लाखांहून अधिक काळ्या लोकांना राखीव प्रदेशांत कोंबलं, आणि त्यांच्या वाट्याला एक पंचमांशाच्या आसपास जमीन आली. चांगली, पावसाची, रेल्वेजवळची जमीन गोऱ्यांकडे. रेताड, कोरडी काळ्यांकडे. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही सुमारे सहा हजार गोऱ्या शेतकऱ्यांकडे दीड कोटी हेक्टरच्या वर जमीन होती.

या लुटीचे पहिले चटके बाईला बसले. पुरुषांना कर भरण्यासाठी खाणीवर, गोऱ्यांच्या शेतांवर, शहरात मजुरीला जावं लागलं. राखीव प्रदेशातली कोरडी जमीन कसायला बाई मागे राहिली. जमिनीवरचा हक्क मात्र नवऱ्याचा, सासऱ्याचा, गावच्या मुखियाचा. तिला नवऱ्याच्या मर्जीने एक तुकडा मिळे, भुईमूग, भाजीपाला लावायला. नवरा मेला किंवा त्याने टाकलं की तो तुकडाही गेला.

आता 'परंपरा' नावाचं जे गाठोडं आज बाईपुढे ठेवलं जातं, ते बांधलं कोणी हे पाहा. गोऱ्या अधिकाऱ्यांनी गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांना बोलावून रूढी विचारल्या आणि त्यांनी सांगितलं ते कायदा म्हणून लिहून घेतलं. बायकांना कोणी विचारलं नाही. जुन्या व्यवस्थेतले आईचे हक्क, जसं लेकीच्या लग्नात आईला मिळणारी तिची स्वतःची गाय, हे मागे पडले आणि 'बाई कायमची अज्ञान' हे कलम पक्कं झालं. म्हणजे वसाहतवाद्याने गोऱ्या मालकाचा जसा सातबारा लिहिला, तसा काळ्या नवऱ्याचाही लिहिला. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने पहिला फाडायचं ठरवलं आणि दुसरा जपून ठेवला.

बंदूक चालली, सही चालेना

मुक्तियुद्धात हजारो मुली जंगलात गेल्या. काहींनी बंदूक चालवली, काहींनी शस्त्रं वाहिली. गावागावांतल्या पोरींनी रात्री अन्न शिजवून सैनिकांपर्यंत पोचवलं, आणि पकडल्या गेल्या तेव्हा मारही खाल्ला. या युद्धाची हाक जमिनीचीच होती. १९८० मध्ये सत्ता आली. १९८२ मध्ये कायदा झाला की अठरा वर्षांची प्रत्येक व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, सज्ञान. हा कायदा मोठा होता, आणि त्याचं श्रेय त्या सरकारला दिलंच पाहिजे.

पण पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्याच सरकारच्या पोलिसांनी शहरांमधून हजारो बायका उचलल्या. कारण काय, तर संध्याकाळनंतर एकट्या दिसल्या म्हणजे वेश्याच असणार! त्यात परिचारिका होत्या, शिक्षिका होत्या, कामावरून घरी निघालेल्या कामगार बायका होत्या. सुटायचं तर लग्नाचा दाखला दाखवा. स्वतंत्र झिम्बाब्वेतली बाई सज्ञान झाली होती ती कागदावर. रस्त्यावर ती कोणाची तरी असल्याशिवाय तिला चालायची सोय नव्हती. याच संतापातून तिथल्या स्त्री संघटना नव्याने उभ्या राहिल्या.

जमिनीचं काय झालं? लँकेस्टर हाऊसच्या करारात अट होती की दहा वर्षं जमीन फक्त विकायला तयार असलेल्या मालकाकडूनच, बाजारभावाने घ्यायची. सरकारने १,६२,००० कुटुंबांना जमीन देण्याचं लक्ष्य जाहीर केलं. १९९० पर्यंत पन्नास हजारांच्या आसपास कुटुंबांपर्यंतच ते पोचलं. ब्रिटनने पैसे देताना हात आखडता घेतला हे खरं. पण ज्या कुटुंबांना जमीन मिळाली, त्यांचे परवाने कोणाच्या नावाने निघाले? कुटुंबप्रमुखाच्या. विधवा किंवा घटस्फोटिता असेल आणि पदरी मुलं असतील तर बाईलाही अर्ज करता येई. नवरा असलेल्या बाईला मात्र स्वतःचं नाव नव्हतं. लग्न मोडलं की जमीन त्याची, आणि ती पुन्हा माहेरच्या दारात. या परवान्यावर दोन नावं लिहायला लँकेस्टर हाऊसची कुठली अट आडवी येत होती? ब्रिटनचा कुठला निधी लागणार होता? एका रकान्याऐवजी दोन रकाने छापायचा तो काय खर्च!

न्यायालयानेही हात झटकले

१९९० मध्ये हरारेतला एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. त्याची सर्वांत मोठी संतती ही मुलगी होती. तिच्या सावत्र धाकट्या भावाने वारसा मागितला आणि तिला घराबाहेर काढलं. मगाया विरुद्ध मगाया नावाने गाजलेला हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९९ मध्ये पाचही न्यायमूर्तींनी एकमताने भावाच्या बाजूने निकाल दिला. रूढीच्या कायद्यात पुरुष वारसाला पहिला मान, आणि घरातल्या बाईचा दर्जा फार तर धाकट्या पुरुषाचा, असा त्याचा मथितार्थ. हे कसं शक्य झालं? कारण तेव्हाच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमात भेदभावाला बंदी होती, पण वैयक्तिक आणि रूढीच्या कायद्याला त्यातून सूट होती. एका हाताने समता द्यायची, दुसऱ्या हाताने काढून घ्यायची!

स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. १९९८ मध्ये बायकांच्या जमीनहक्कासाठी एक गट उभा राहिला होता. १९९९ मध्ये अनेक संघटनांची आघाडी झाली. त्यांची मागणी साधी होती: नव्या घटनेत रूढीपेक्षा समता वरचढ असेल असं स्पष्ट लिहा, आणि जमिनीच्या वाटपात बायकांचा वाटा ठरवून द्या. यावर उपाध्यक्ष जोसेफ म्सिका यांनी, बायकांना जमीन दिली तर पुरुष माझं डोकं उडवतील, अशा अर्थाचं उत्तर दिल्याची नोंद आहे. गोऱ्यांच्या राजवटीशी लढलेला माणूस आपल्याच गावच्या नवऱ्यांना इतका घाबरतो? घाबरत नाही. तो हिशेब करतो.

दोन हजार सालची घाई

फेब्रुवारी २००० मध्ये मुगाबे सरकारने मांडलेली घटना जनतेने सार्वमतात फेटाळली. सत्ता हलू लागली, आणि त्यानंतर काही दिवसांतच माजी सैनिकांच्या नेतृत्वाखाली गोऱ्यांच्या शेतांवर कब्जे सुरू झाले. कायदे मागून आले. २००५ मध्ये घटनादुरुस्ती करून या जमिनीबाबत न्यायालयात दाद मागण्याचा रस्ताही बंद केला.

या काळाबद्दल दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगितलं जातं. सगळी जमीन मंत्र्यांच्या घशात गेली हे खरं नाही. इयन स्कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मास्विंगो प्रांतातल्या चारशे कुटुंबांचा दहा वर्षं मागोवा घेतला. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात दिसतं की जमीन मिळालेल्यांत बहुसंख्य साधी, गरीब माणसं होती आणि त्यांनी कष्टाने शेती उभी केली. त्याच अभ्यासात हेही दिसतं की कब्जाच्या तळांवर एकट्या बायकाही आल्या होत्या. नवऱ्याच्या मारापासून सुटलेल्या, विधवा, चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या. आपल्याकडे डाकीण म्हणून हाकललेल्या बायकांसोबत काम करणाऱ्यांना हे वाचून गलबलून येईल. त्या बायकांनी धोका पत्करून जमीन मिळवली. त्या जमीन सुधारणेला मी 'आपत्ती' म्हणणार नाही.

पण एकूण हिशेब काय सांगतो? २००३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या उटेटे समितीचा अहवाल आला. छोट्या शेतांच्या योजनेत १,२७,१९२ कुटुंबांना जमीन मिळाली. त्यात स्त्रीप्रमुख कुटुंबं १८ टक्के. मोठ्या व्यापारी शेतांच्या योजनेत ७,२६० लाभार्थी. त्यात बायका १२ टक्के. हा विरोधकांचा आकडा नव्हे, सरकारी आहे. पुन्हा लक्षात घ्या, १८ टक्के म्हणजे नवरा नसलेल्या बायका. नवरा असलेली जी बाई शेतात राबते ती या हिशेबात नाहीच. त्याच अहवालाने हेही नोंदवलं की 'वन मॅन, वन फार्म' हे धोरण मोडून काही बड्या मंडळींनी एकाहून जास्त शेतं घेतली होती. धोरणाचं नावच पाहा. एक पुरुष, एक शेत! पुरुषांनी 'एक' मोडलं, पण 'पुरुष' काही कोणी मोडला नाही.

आता तो हिशेब. २००० नंतर बहुतेकांच्या हाती मालकीहक्क आला नाही. आलं ते सरकारचं एक पत्र. जमीन राज्याची, पत्र दिलं तसं काढूनही घेता येतं. म्हणजे शेतकरी पक्षाच्या, मुखियाच्या, जिल्ह्यातल्या पुढाऱ्याच्या मर्जीवर. आणि बाई? ती या मर्जीवर जगणाऱ्या नवऱ्याच्या मर्जीवर. ही दुमजली ताबेदारी आहे. वरच्या मजल्यावर पक्ष नवऱ्याला धरून ठेवतो, खालच्या मजल्यावर नवरा बाईला. एका नावावर चिठ्ठी दिली की अख्ख्या घराची निष्ठा मिळते. घरात दोन मालक झाले तर दोघांना वेगवेगळं पटवावं लागेल, दोघं वेगवेगळं मत देतील. ज्या नेतृत्वाला जमीन हक्क म्हणून द्यायची नसते, बक्षीस म्हणून द्यायची असते, त्याला कुटुंबप्रमुख लागतोच. म्हणून मी म्हणते की हुकूमशाही आणि पुरुषसत्ता ही इथे दोन वेगळी दुखणी नव्हती.

आणि ज्यांना मोजलंच नाही त्या? गोऱ्यांच्या शेतांवर तीन लाखांहून अधिक मजूर होते. त्यांतले अनेक मलावी, मोझांबिकमधून पिढ्यांपूर्वी आलेल्यांचे वंशज. हंगामी मजुरीत बायकांचा भरणा मोठा. शेतं गेली, तेव्हा त्यांचं काम गेलं, खोपटं गेलं, शेतावरची शाळा-दवाखाना गेला. कब्जाच्या काळात त्यांना मारहाण झाली, बायकांवर बलात्कार झाले. त्यात २००१ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने परदेशी वंशाच्या अनेकांचं नागरिकत्वच धोक्यात आणलं. २००५ मध्ये शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडण्याची मोहीम निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या दूत ॲना तिबैजुका यांच्या अंदाजानुसार सात लाख लोकांचं घर किंवा रोजगार किंवा दोन्ही गेलं. गावातून जमीन नाही म्हणून शहरात आलेली, रस्त्याकडेला टोमॅटो विकणारी बाई तिथूनही हाकलली गेली. २०२० मध्ये सरकारने गोऱ्या शेतकऱ्यांना साडेतीन अब्ज डॉलर भरपाई देण्याचा करार केला. मजूर बाईच्या त्या दिवसांची भरपाई कुठल्या करारात आहे?

वर एक बाई बसली म्हणजे झालं?

कोणी म्हणेल, नेतृत्वात बायका असत्या तर? होत्या की. जॉइस मुजुरू मुक्तियुद्धात लढल्या, १९८० मध्ये पंचविशीत मंत्री झाल्या, २००४ मध्ये उपाध्यक्ष झाल्या. २०१४ मध्ये त्यांना हटवलं गेलं, आणि त्यांच्यावर जाहीर सभांमधून तुटून पडण्यात पुढे होत्या मुगाबेंच्या पत्नी ग्रेस. एका बाईला पायरीसारखं वापरायचं, दुसरीला काठीसारखं. २०१७ मध्ये लष्कराच्या हस्तक्षेपानंतर मुगाबे गेले, एमर्सन म्नंगाग्वा आले. पक्ष तोच राहिला.

याचा अर्थ बायकांनी सत्तेत जाऊ नये असा कोणी काढू नये. २०१३ च्या नव्या घटनेत स्त्री संघटनांनी खूप काही मिळवलं. स्त्रियांच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या रूढी तेवढ्यापुरत्या रद्दबातल, असं ८० वं कलम सांगतं. जमिनीसकट सर्व साधनांत बायकांना समान वाटा मिळेल अशी पावलं उचला, असं १७ वं कलम सांगतं. संसदेत बायकांसाठी ६० जागा राखीव झाल्या. २०१४ च्या नियमांनी छोट्या शेतांच्या परवान्यावर नवरा-बायको दोघांचाही हक्क मान्य केला. हे कोणी दान केलेलं नाही. तीस वर्षांच्या मोर्चांनी, खटल्यांनी, गावोगावच्या बैठकांनी ते खेचून आणलं.

म्हणूनच आताचा क्षण महत्त्वाचा आहे. २०२४ च्या अखेरीस झिम्बाब्वे सरकारने या शेतांना विकता येतील, बँकेत तारण ठेवता येतील असे मालकीहक्काचे दस्तऐवज द्यायला सुरुवात केली. वरवर ही पत्राच्या मर्जीतून सुटका वाटते. पण मालकीचा कागद एकाच नावाचा निघाला, तर पूर्वी जे पक्ष काढून घेऊ शकत होता ते आता नवरा विकू शकेल, सावकार किंवा बँक उचलू शकेल. कागद पक्का होताना बाईचं नाव त्यात नसेल, तर तिचं नसणंही पक्कं होईल. २००० मध्ये 'आधी जमीन येऊ दे, मग बघू' असं सांगणारेच आता 'आधी कागद होऊ दे, मग बघू' असं सांगतील. या 'मग'ची वाट तिथल्या बायकांनी १९८० पासून पाहिली आहे.

आपला संबंध काय?

आपल्याला हे 'मग' ओळखीचं आहे. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपणही दिली, आणि जमिनी वाटल्या गेल्या त्या कुटुंबप्रमुखालाच. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा गावोगावच्या नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, हे महाराष्ट्रात घडलं आहे. १९९४ मध्ये राज्याच्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो दूर केला. २००६ च्या वनहक्क कायद्यात पती-पत्नी दोघांच्या नावाने दावा मंजूर करण्याची तरतूद आहे. तरीही भावाने बोलावलं की बहीण जाऊन हक्कसोड करून देते, कारण माहेर तुटेल ही भीती. म्हणून झिम्बाब्वेच्या बायकांकडे कीव करून पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांच्याकडून शिकायचं मात्र आहे.

शिकायचं हे की जमिनीच्या प्रत्येक लढ्यात, मोर्चा निघण्यापूर्वी, पहिल्या बैठकीत नावाचा प्रश्न विचारायचा. कब्जा घेताना रांगेत बायका पुढे असतात; वाटपाची यादी होताना त्या कुठे असतात? यादी कोण करतं, समितीत बायका किती, परवान्यावर सह्या किती, लग्न मोडलं तर काय, नवरा मेला तर काय, मजुरी करणाऱ्या भूमिहीन बाईचं काय? साम्राज्यशाहीविरुद्ध बोलणारा पुढारी या प्रश्नांवर चिडला, तर त्याचं साम्राज्यशाहीविरोधी भाषण आपण थांबवू नये, पण टाळ्याही वाजवू नयेत. आणि कोणी म्हणालं की बाई, यामुळे चळवळीत फूट पडेल, तर त्याला शांतपणे विचारावं: दादा, एका कागदावर दोन नावं लिहिल्याने फुटते, ती चळवळ नक्की कोणाची होती?